आमेन होईपर्यंत

नळ फुरफुरला.

आधी नुसती हवा आली, म्हातारं माणूस खाकरावं तशी, दोनदा अडखळत. पाण्याची पहिली चूळ रिकाम्या बादलीत पडायच्या आत बकुळनं नळाच्या तोंडावर तळहात दाबला. पाणी बोटांच्या फटींतून फुटलं, गार ओघळ कोपरापर्यंत गेला, पण आवाज झाला नाही. कडेवर दहा महिन्यांचा कुणाल होता. खांद्यावरचं फडकं तिनं दातांत धरून ओढलं, एका हातानं नळाला गुंडाळलं आणि त्याचं टोक बादलीच्या बुडाशी सोडलं. आता पाणी फडक्यावरून मुकाट्यानं खाली उतरू लागलं, चोरासारखं.

साडेपाच वाजले होते. कोठीच्या खोलीचं दार बंद होतं, आतून कडी होती, आणि आत तिचा नवरा रत्नाकर प्रार्थनेला बसला होता.

दोन वर्षांपूर्वी बँकेनं रत्नाकर आढावची जालन्याहून बनारसला बदली केली. बालाजी घाटामागच्या गल्लीत शरदिनीकाकूंच्या घरात वरचा मजला भाड्यानं मिळाला: दोन खोल्या आणि धान्याची एक कोठी. भाडेकरू ख्रिस्ती, म्हणून काकूंनी आधी दोन दिवस विचार केला. मग 'मराठी बोलायला कोणी तरी होईल' असं म्हणत किल्ली दिली. त्याच आठवड्यात रत्नाकरनं कोठीतलं गव्हाचं पिंप भिंतीला सरकवलं, एक मेज आणि एक उशी आत नेली आणि जाहीर केलं की पहाटे साडेपाच ते साडेसहा त्याचा एकांत. एकांत त्याचा; शांतता बाकीच्यांनी पुरवायची.

आणि बनारसचा नळ नेमका साडेपाचला यायचा.

गंमत म्हणजे बाहेरचा गोंगाट रत्नाकरला चालायचा. देवळांच्या घंटा, घाटावरचा भोंगा, दुधाच्या कॅनचा खडखडाट, गल्लीत अडलेल्या सांडाला शिव्या देणारा भाजीवाला, या सगळ्यातून त्याची प्रार्थना सुरळीत पार व्हायची. घरातला चमचा पडला की मात्र मोडायची. मग दार उघडायचं आणि तो बाहेर यायचा. ओरडायचा नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त दुखावलेल्या चेहऱ्यानं बघायचा आणि म्हणायचा, "बकुळ, मी कोणाशी बोलत होतो, माहीत आहे ना?"

म्हणून कुकर साडेसहानंतर. म्हणून काचेच्या बांगड्या ट्रंकेत आणि हातात एकेक प्लास्टिकची. म्हणून दाराच्या बिजागरीला खोबरेल तेल. पाच वर्षांच्या सईला तिनं खुणा शिकवल्या होत्या. मूठ म्हणजे भूक, दोन बोटं म्हणजे शी, कानाला हात म्हणजे कुणाल उठला. खेळच केला होता त्याचा. "पप्पांचं आमेन होईपर्यंत आपण कोण?" बकुळ विचारायची आणि सई ओठांवर बोट ठेवून श्वासाच्या आवाजात म्हणायची, "मासे."

सगळं बकुळनंच शिकवलं होतं. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे तिला ते विसरता आलं नाही.

शहाण्णव सालचा मार्च होता, उपवासकाळाचे शेवटचे दिवस. येत्या ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चच्या मंडळीचे नवे वडील, म्हणजे पंच, म्हणून रत्नाकरचं नाव पुकारलं जाणार होतं. मंडळी हिंदी बोलणाऱ्यांची, पण हा मराठी माणूस तिथे दोन वर्षांत सगळ्यांचा लाडका झाला होता. त्याची प्रार्थना लांबलचक आणि देखणी असे. बायका बकुळला म्हणायच्या, "आप तो बड़ी किस्मतवाली हैं." ती मान हलवायची. जालन्याला ती स्वतः रविवारच्या शाळेत शिकवायची, अध्यायच्या अध्याय तोंडपाठ असलेली बाई म्हणून तिची ख्याती होती. आता तिच्या लाल बांधणीच्या शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, फीत दीड वर्ष एकाच पानात अडकली होती. पुस्तक उघडलं की दोन ओळींत कुणाल तरी उठायचा, नाहीतर दारात बँकेतला शिपाई डबा मागायला यायचा, नाहीतर तिचेच डोळे मिटायचे. रविवारी मंडळीत दुआ चालायची ती उर्दूमिश्रित हिंदीत, तिच्या डोक्यावरून जायची. देव आपल्याला विसरेल याची तिला भीती नव्हती. आपण त्याला विसरत चाललो आहोत, आणि ते कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही, याची होती.

उपवासकाळ सुरू झाला तेव्हा तिनं धीर करून विचारलं होतं.

"अहो, मला अर्धा तास द्या. रोज नको. आठवड्यातनं तीनदा."

"कसला अर्धा तास?"

"तुमचा असतो तसला. कोठीतला. कडी लावून."

रत्नाकर हसला. वाईट हसला नाही, लहान मुलानं चंद्र मागितल्यावर हसतात तसा. "अगं, मी नऊला जातो, सहाला येतो. मधले नऊ तास तू घरीच असतेस. ते सगळे प्रभूचेच की."

"ते कुणालचे असतात. आणि धुण्याचे, आणि सईच्या शाळेचे, आणि तुमच्या डब्याचे."

"तुझी आई नाही का, काम करता करता प्रार्थना करायची? तूच कौतुकानं सांगतेस. भाकरी थापताना, उघड्या डोळ्यांनी."

"मिटून बसायला तिला कोणी वेळ दिला नाही, म्हणून उघड्या."

"बघ, लगेच चिडलीस," तो हळुवारपणे म्हणाला. "हाच अडथळा असतो, बकुळ. राग. मन एका ठिकाणी राहतच नाही मग. आधी रागावर काम कर."

त्या दिवसापासून ती रागावर काम करत होती, म्हणजे तो गिळत होती.

तर तो गुरुवार. शेवटची बादली भरत आली होती. कुणाल तिच्या गळ्यातल्या साखळीशी खेळत, दात नसलेल्या हिरड्यांनी तिचा खांदा चावत होता. त्याच्या गरम टाळूला तिनं ओठ लावले. एवढाच काय तो दिवसातला तिचा निवांतपणा. भरलेली बादली एका हातानं उचलून ती मोरीतून स्वयंपाकघरात आली.

फरशीवर दुधाचं थारोळं होतं. वाफ निघत होती. सई ओट्याला पाठ लावून एका पायावर उभी होती. फ्रॉकचा अख्खा घेर तिनं तोंडात कोंबला होता. तोंड लालबुंद, डोळ्यांतून धारा, आणि आवाज नाही. डावा पाय घोट्यापासून बोटांपर्यंत शेंदरी झालेला. दूध उतू गेलं की बर्नरवर चर्र होतं आणि पप्पा बाहेर येतात, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं फ्रॉकनं धरून पातेलं उतरवलं होतं. ते हातून कललं. पण टाकलं नव्हतं तिनं. पातेलं ओट्यावर नीट ठेवलेलं होतं, आवाज न करता.

बकुळचं तोंड उघडलं. तेवढ्यात सईनं मान हलवली. नाही, नाही. आणि कोठीच्या दाराकडे बोट दाखवून आईलाच ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

आणि बकुळ ओरडली नाही.

तिनं कुणालला खाली बसवलं, सईला उचललं, तिचा पाय बादलीतल्या गार पाण्यात बुडवला आणि तिचं तोंड आपल्या पोटाशी दाबून धरलं. पोर थरथरत होती. फ्रॉक अजून दातांत. भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजून बावीस मिनिटं झाली होती. आतून रत्नाकरचा आवाज येत होता, वर चढणारा, खाली उतरणारा, आभार मानणारा. सहा पंचवीस. सहा अठ्ठावीस. बकुळ उभी होती आणि घड्याळाकडे बघत होती.

"आमेन," आतून आलं.

सईनं फ्रॉक तोंडातून काढला आणि किंकाळी फोडली.

पुढचं सगळं माणसांसारखं झालं. रत्नाकर धावत आला, पोरीला उचलून अनवाणी जिने उतरला, नाक्यावरच्या डॉक्टरांना त्यानं झोपेतून उठवलं, मलमपट्टी होईपर्यंत तिचा हात सोडला नाही. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता. तो वाईट बाप नव्हता. म्हणूनच तर बकुळला राग कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

खालून शरदिनीकाकू आल्या. सत्तरीच्या, बनारसलाच जन्मलेल्या, मराठीत हिंदी कालवून बोलणाऱ्या. हातात कुंडीतली कोरफडीची पात होती. "पट्टी सुटली की हे घीकुवार लाव, डाग नाही राहणार. पण काय गं, एवढं दूध सांडलं नि मला एक आवाज नाही आला? मी खाली जागीच होते. पोरगी रडली ती एकदम साडेसहाला."

"हे प्रार्थनेला बसले होते, काकू."

काकूंनी पात ओट्यावर ठेवली. "आमचे हे पूजेला बसायचे ना, तर घंटी वाजवायचे. एक घंटी म्हणजे फूल आण, दोन म्हणजे नैवेद्य. चाळीस साल मी घंटीवर पळाले. तुमच्याकडे घंटीसुद्धा नाही बाई. तुमच्याकडे तर बिनघंटीचंच पळतात."

बकुळला हसू आलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी रत्नाकर उपवासकाळाच्या प्रार्थनासभेतून आला तेव्हा चेहरा उजळलेला होता. बकुळ पोळ्या लाटत होती. सई बाजेवर पाय पसरून बसली होती, कुणाल तिच्या पट्टीशी खेळायला बघत होता आणि ती त्याचा हात हळूच बाजूला करत होती.

"बकुळ, मी आज सभेपुढे उभं राहून साक्ष दिली." त्यानं मोजे काढत सांगितलं. "सईची. सगळी मंडळी रडली. एवढं भाजलं तरी लेकरानं प्रभूच्या वेळेचा मान राखला, असं सांगितलं. पादरी साहेब उभे राहिले आणि म्हणाले, जिस घर की बच्ची ऐसी हो, उस घर में खुदावंद खुद बैठा है. उद्या सकाळी येतायत आपल्याकडे, साडेसहाला, दुआ करायला. रविवारी नाव पुकारायच्या आधी घराला भेट देतात ना. तुलाही दोन शब्द बोलायचेत. घरात शांती कशी टिकवतो आपण, त्यावर."

तव्यावरची पोळी करपली. धूर निघाला. तिनं ती उलटलीच नाही.

"तिचा पाय भाजला होता," ती म्हणाली.

"हो ना. म्हणूनच तर."

"आठ मिनिटं भाजलेल्या पायानं उभी होती."

"अगं, तेच तर मी..." तो थांबला. "आठ मिनिटं? तुला कसं माहीत? तू तर मोरीत होतीस."

"मी होते तिथं. मी पण ओरडले नाही. घड्याळ बघत बसले. ते सांगितलंत का मंडळीत? बायकोनं पण मान राखला म्हणून?"

रत्नाकरच्या हातात मोजा तसाच राहिला. "तू तिथं होतीस आणि मला हाक मारली नाहीस? दार वाजवायचंस! मी उघडलं नसतं का?"

"उघडलं असतंत?"

"म्हणजे काय! पोटची पोर आहे माझी!"

"कुणालला ताप चढला होता गेल्या महिन्यात. वाजवलं होतं मी दार. आतनं काय म्हणालात?"

त्याला आठवलं. ते त्याच्या मानेवरून दिसलं, मान खाली गेली. आतून तो म्हणाला होता, पाच मिनिटं.

"तू मला अगदी..." तो पुटपुटला. "तू रागावली आहेस. रागात असताना माणूस..."

"रत्नाकर," ती म्हणाली. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि तिनं नवऱ्याला नावानं हाक मारली नव्हती. "पोळ्या झाल्यात. जेवून घ्या."

शनिवारी नळ यायच्या आधी ती उठली. कुणाल बापाच्या कुशीत सरकवला, शास्त्र घेतलं, कोठीत गेली आणि आतून कडी घातली. कडी सरकण्याचा आवाज तिनं या बाजूनं कधी ऐकलाच नव्हता. किती जवळचा वाटत होता.

आत गव्हाचा आणि मेणबत्तीचा वास होता. रत्नाकरच्या उशीला गुडघ्यांचे दोन खड्डे पडले होते. त्या खड्ड्यांत तिनं आपले गुडघे टेकले, डोळे मिटले आणि वाट पाहिली.

काही आलं नाही. तोंडपाठ अध्याय आठवेनात. स्वर्गीय पित्या, असं म्हटलं आणि पुढे वाण्याची यादी आली, हिंग संपलाय. दीड वर्ष हवी असलेली वेळ मिळाली आणि आत हिंग होता.

मग नळ आला. फडकं नव्हतं. रिकाम्या बादलीत पाणी असं आदळलं की अख्ख्या गल्लीला ऐकू जावं. कुणाल दचकून रडू लागला. पावलं वाजली, काहीतरी पडलं, घरंगळत गेलं.

दारावर टकटक. "बकुळ? आत आहेस का? नळ आलाय."

ती गप्प.

"अगं, फडकं कुठंय?"

ती गप्प.

"बकुळ, यानं शी केलीय. लंगोट कुठले घ्यायचे? दोरीवरचे ओले आहेत सगळे." मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "पादरी साहेब येतील गं साडेसहाला."

तिच्या ओठांवर ते दोन शब्द आले, पाच मिनिटं. तेही तिनं गिळले आणि त्या घोटाबरोबर दीड वर्षाचा बाकी सगळा घास वर आला.

"ऐक," ती म्हणाली. नवऱ्याला नव्हे. मोठ्यानं नाही, पण आवाजात, जालन्याच्या घरात बोलायची तशा मराठीत. "आज तू ऐक. मला गोड बोलता येत नाही, ते त्यांना येतं. दीड वर्ष मी तुला भेटले नाही आणि तू विचारपूस केली नाहीस. ती बाई कुठे गेली, असं एकदा तरी म्हणालास? माझ्या पोरीनं तुझ्या नावानं फ्रॉक चावला. तुला हवी होती का ही शांतता? हवी असेल तर तसं सांग, म्हणजे मला कळेल मी कोणापुढे बसले आहे. आणि नको असेल तर त्या दिवशी का नाही ओरडलास? मी नाही ओरडले. मी तिची आई. मी घड्याळ बघत होते. मला सांगू नकोस की मी चांगली आहे, मी शांत आहे. मी घाबरट आहे. मी माझ्या लेकराला मासा केला. त्यांच्यासाठी नाही केला, माझी कटकट वाचावी म्हणून केला. हे आधी लिहून घे, मग त्यांचं..."

ती बोलत राहिली. रडली नाही. मुठी मेजावर आपटल्या तेव्हा मेणबत्ती पडली, ती तिनं उभी केली आणि पुढे बोलली. बाहेर कुणाल रडून रडून थांबला, बादली भरून वाहिली, रत्नाकर सईला कुजबुजत काही विचारत होता आणि सई त्याला खणखणीत आवाजात सांगत होती, "तो डबा नाही पप्पा, निळा."

बोलायचं संपलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं की या सगळ्या वेळात तिचं मन कुठेही गेलं नव्हतं. हिंगाकडे नाही, बाहेरच्या पाण्याकडे नाही. उत्तर काही मिळालं नव्हतं. राग तसाच होता, तसूभरही कमी नाही. पण आता तो गिळलेला नव्हता. कोणाच्या तरी पुढ्यात ठेवलेला होता. तिनं लाल शास्त्र उघडलं, फीत दीड वर्षाच्या पानावरून उचलली आणि तो अध्याय शेवटपर्यंत वाचला. मग कडी काढली. आमेन म्हटलं नाही.

बाहेर पाणीच पाणी होतं. रत्नाकर पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून उभा होता, कडेवर कुणाल, त्याला लंगोटाऐवजी बँकेत न्यायचा टॉवेल गुंडाळलेला. खुर्चीवर पादरी मसीह साहेब अवघडून बसले होते, बूट पाण्यापासून वर उचलून. पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे, पोटावर टोपी ठेवलेले. बाजेवर सई पट्टीचा पाय लांब करून त्यांच्याकडे टक लावून बघत होती. दारात शरदिनीकाकू चहाचे पेले घेऊन उभ्या होत्या.

"आज वरती माणसं राहतात असं वाटलं बाई," काकू म्हणाल्या. "दोन सालात पहिल्यांदा."

"आइए बहन, आइए," पादरी साहेब उठले. "भाई साहब ने बताया आप दुआ में थीं. बहुत अच्छा. बस दो शब्द गवाही के, फिर हम मिलकर दुआ कर लेंगे. यह बताइए कि इस घर में इतनी शांति कैसे बनी रहती है."

रत्नाकरनं तिच्याकडे पाहिलं. विनवल्यासारखं.

बकुळनं पदरानं हात पुसले. तिचं हिंदी बाजारापुरतं होतं, तेच तिनं वापरलं. "पादरी साहब, इस घर में शांति नहीं है. चुप्पी है. शांति अलग होती है."

"जी?"

"मेरी बेटी बहादुर नहीं थी उस दिन. डरी हुई थी. हमने डराना सिखाया... नहीं, वैसा नहीं. डरना सिखाया. मैंने सिखाया. आपने कल उसके लिए ताली बजवाई होगी, मैं नहीं थी, मुझे मालूम नहीं. पर वो गवाही वापस कीजिए. इनका नाम पुकारना है तो पुकारिए, मुझे कुछ नहीं कहना. मेरी बच्ची का पैर किसी की गवाही नहीं है."

फक्त मोरीतला नळ वाहत होता. काकूंनी पेले खाली ठेवले आणि मराठीत, कोणालाच उद्देशून नसल्यासारख्या, म्हणाल्या, "बरोबर बोलली."

पादरी साहेबांनी टोपी पोटावरून गुडघ्यावर घेतली, परत पोटावर ठेवली. त्यांचा गोल चेहरा हळूहळू उतरला. "ताली नहीं, बहन," ते म्हणाले. "पर हाँ. रोए थे हम सब. बड़ा अच्छा लगा था रोना." आणि ते सईच्या पायाकडे बघत राहिले, आत्ताच दिसल्यासारखे.

"साहब," रत्नाकर म्हणाला. "कल मेरा नाम रहने दीजिए. इस साल नहीं."

तो असं म्हणाला की आपल्याला बरं वाटेल, असं बकुळला वाटलं होतं. नाही वाटलं. नाव मागे घेणंही त्यानंच ठरवलं, तिला न विचारता, आणि तेही देखणंच दिसलं. उद्या बायका म्हणतील, किती नम्र माणूस.

मग तो तिच्याकडे वळून मराठीत हळू म्हणाला, "सोमवारपासून साडेपाच ते सहा तुझे. मी पाणी भरतो."

"देताय?"

तो गोंधळला. "म्हणजे... हो."

"मी घेतलेत," ती म्हणाली. "आजच. आणि फडकं बांधायचं नाही नळाला. वाजू दे."

त्यानं मान हलवली. कुणालचा टॉवेल सुटत होता, तो सावरायला त्याच्याकडे तिसरा हात नव्हता. बकुळनं टॉवेल सावरला नाही, पण कुणालला घेतलं. पोरगं तिच्या गळ्याशी घुसलं आणि ओल्या नाकानं तिची मान पुसली. तिचा हात आपोआप त्याच्या पाठीवर फिरू लागला. राग होता तिथेच होता आणि हातही चालू होता. दोन्हींना एकमेकांची अडचण होत नव्हती.

"दुआ करें?" पादरी साहेबांनी विचारलं, परवानगी मागितल्यासारखं, आणि प्रश्न तिला होता.

तिनं मान हलवली. रत्नाकरनं डोळे मिटले. साहेबांनी मिटले. दारातल्या काकूंनीसुद्धा हात जोडले. दुआ आज लांबलचक नव्हती. साहेब दोन वाक्यं बोलले आणि शब्द शोधत थांबले. बकुळनं डोळे उघडेच ठेवले होते, आईसारखे. पण आज कोणी ठेवायला लावले म्हणून नाही. ती सईकडे बघत होती.

सईचेही डोळे उघडे होते. ती कपाळाला आठी घालून कोठीच्या उघड्या दाराकडे बघत होती, मेजाकडे, उशीकडे, गव्हाच्या पिंपाकडे, तिथे अजून कोणी बसलंय का ते बघावं तशी. अजून आमेन झालं नव्हतं. तिनं ओठांवर बोट ठेवलं नाही. खुणाही केल्या नाहीत. चांगल्या मोठ्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं,

"आई, त्या दिवशी मी रडले असते, तर देव उठून माझ्याकडे आला असता, की पप्पांजवळच बसून राहिला असता?"